राऊटर माझ्या घरात, किल्ली कुणाकडे?

माननीय श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, संचार भवन, नवी दिल्ली



रायपूरहून आपल्याला मराठीत पत्र का, असा प्रश्न आपल्या कार्यालयातल्या कुणाला पडू शकेल. आपले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. आपण जाहीर सभांतून मराठीत बोलता, हे आम्ही ऐकले आहे. आमचेही घराणे नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात रुजलेले. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही आमच्यासारखी मराठी घरे आहेत. तेव्हा मधे दुभाषी नको, सरळ बोलते.

मी घरून हिशेबाचे काम करते. शहरातल्या किरकोळ दुकानदारांची बिले, जीएसटीची विवरणपत्रे, एक-दोन दवाखान्यांचे पगारपत्रक, लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील हे सगळे माझ्या भरवशावर माझ्याकडे येते. ते परक्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवणे मला पटत नाही. म्हणून एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून, त्यावर नेक्स्टक्लाउड हे मुक्त सॉफ्टवेअर बसवून, मी फायलींचा साठा घरातच ठेवला आहे. परवाना-शुल्क शून्य. दुरुस्ती माझ्या हातात. आत काय चालले आहे ते पाहायचे असेल तर कोड जगासमोर उघडा आहे. हे काही फार मोठ्या विद्वत्तेचे काम नाही. रायपुरातले एखादे अभियांत्रिकीचे पोरही दुपारभरात करून देते.

अडते ते दारातल्या खोक्यापाशी. फायबरची जोडणी घेतली की सेवा देणारी कंपनी भिंतीवर आपले यंत्र ठोकते. त्याला कुणी मोडेम म्हणते, कुणी राऊटर, तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. त्याच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव आणि पासवर्ड असतो. तो घालून आत गेले की वाय-फायचे नाव बदलता येते, पासवर्ड बदलता येतो, आणि तिथेच रस्ता संपतो. फायरवॉल दिसत नाही. डीएनएस बदलण्याची जागा दिसत नाही. कंपनी दुरून या यंत्रात शिरू शकते का, शिरली तर काय बदलते, ते सांगणारे पान तर मुळीच दिसत नाही. त्यासाठी वेगळा, वरच्या पातळीचा पासवर्ड असतो. जोडणी द्यायला आलेल्या मुलाला मी तो मागितला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, वो सुपर अॅडमिन वाला है, वो तो हमको भी नहीं देते." मग मी लेखी विनंती केली: तुमचे यंत्र ब्रिज मोडवर टाका, म्हणजे ते फक्त प्रकाशाचा सिग्नल उतरवेल आणि पुढचे सगळे माझा राऊटर पाहील. उत्तर म्हणून मोबाईलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कुणी आले नाही, काही बदलले नाही, फोन नाही. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण हा एका कंपनीचा दोष नाही. आपल्या खात्याने नियमच केला नाही, म्हणून हे चालते.

आज माझ्या घरात दोन राऊटर एकाला एक लागून बसले आहेत. एक कंपनीचा, कुलूपबंद. दुसरा इथल्या रवि भवन बाजारातून विकत आणलेला, ज्यावर मी ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर घातले आहे. विजेचा खर्च दोनदा, बिघाड शोधायचा तर दोनदा, आणि तरीही बाहेरच्या दाराची किल्ली माझ्याकडे नाहीच. मंत्रिमहोदय, माझ्या पैशाने चालणाऱ्या, माझ्या भिंतीवरच्या, माझ्या विजेवरच्या यंत्रात मी शिरायचे नाही, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? लिहिले असेल तर कलम सांगावे. नसेल तर मग हे कुणाच्या परवानगीने चालले आहे?

या प्रश्नाला आता कायद्याचीही धार आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम लोकांचा डेटा सांभाळणाऱ्यावर वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकतात. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माझ्यासारख्या लहान माणसाला एवढा दंड कुणी करणार नाही हे मला कळते. पण जबाबदारी लहानांवरही आहेच. मग मला सांगा, माझ्या ग्राहकांचे पगारपत्रक ज्या जाळ्यातून जाते त्याच्या पहिल्याच दारावर माझा ताबा नसेल, तर वाजवी सुरक्षा मी करायची कशी? कायदा दुसऱ्या मंत्रालयाचा आहे, हे उत्तर कृपया देऊ नका. राऊटर आपल्याच अखत्यारीत येतो, आणि नागरिकाने मंत्रालया-मंत्रालयांच्या सीमारेषा मोजत बसायचे नसते.

कंपन्यांचे ठरलेले उत्तर सुरक्षिततेचे असते. ग्राहकाला आत सोडले तर तो काहीतरी बिघडवील, म्हणून कुलूप. प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर आडवे झाले. हल्लेखोर ज्या वाटेने आला ती ग्राहकाने उघडलेली नव्हती. कंपनीला दुरून यंत्र सांभाळता यावे म्हणून ठेवलेल्या व्यवस्थेचेच ते दार होते. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांच्या हजारो मोडेमवर हल्ला झाला, आणि त्याचे कारण कारखान्यातून आलेला, कधीच न बदललेला पासवर्ड हे होते. कुलूप कंपनीच्या हाती राहिले म्हणून घर सुरक्षित राहते, हा दावा दोन्ही ठिकाणी खोटा ठरला. ज्या यंत्राचा उत्पादक सुधारित सॉफ्टवेअर देणे बंद करतो, ते वर्षानुवर्षे भोकांसकट भिंतीवर राहते. ओपनडब्ल्यूआरटीसारखे मुक्त सॉफ्टवेअर अशाच जुन्या यंत्रांत पुन्हा जीव घालते. ते सुरू झाले २००४ साली. लिंक्सिस कंपनीच्या एका राऊटरमध्ये लिनक्स वापरल्याचे लोकांच्या लक्षात आले, परवान्याप्रमाणे कोड द्या म्हणून त्यांनी पाठपुरावा केला, आणि कंपनीला तो द्यावा लागला. त्यातून उभे राहिलेले काम आज जगभरच्या घरांत चालते आहे. आमच्या घरीही चालते आहे, फक्त कंपनीच्या खोक्याच्या मागे, दुसऱ्या रांगेत.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न सोडवला आहे, आणि तो सोडवायला फार मोठे संशोधन लागले नाही. २०१५ च्या युरोपीय नियमावलीने ग्राहकाला आपल्या पसंतीचे उपकरण वापरण्याचा हक्क दिला. जर्मनीने १ ऑगस्ट २०१६ पासून कंपनीचाच राऊटर घेण्याची सक्ती कायद्याने संपवली. जोडणीचे तपशील ग्राहकाने मागण्याआधीच, आपणहून, त्याच्या हाती देणे तिथे कंपनीवर बंधनकारक झाले. जर्मनीतले जाळे त्यामुळे कोसळले का? कोसळले नाही, हे आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी आणि प्रमाणपत्र ही व्यवस्था आपल्याकडे आहेच. प्रमाणित राऊटर ग्राहकाने स्वतः आणला तर तो जोडून द्यावा लागेल, एवढा एक नियम करायला आपल्याला कोण अडवते आहे?

दुसरी तक्रार पत्त्याची. घरातल्या साठ्यापर्यंत मला बाहेरून पोचायचे असेल, समजा बिलासपूरला एखाद्या ग्राहकाकडे बसून एक फाइल उघडायची असेल, तर माझ्या जोडणीला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता हवा. बहुतेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. स्वतंत्र पत्ता हवा तर दरमहा वेगळे पैसे. जुन्या पद्धतीचे पत्ते संपले, हे खरे आहे. त्यावरचा उपाय म्हणजे आयपीव्ही६ ही नव्या पद्धतीच्या पत्त्यांची व्यवस्था, आणि आपला देश त्याच्या वापरात जगात पुढे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच खात्याने कंपन्यांना मुदत घालून दिली होती: नव्या जोडण्या आयपीव्ही६ चालेल अशाच द्या, आणि ग्राहकांकडची कंपनीची जुनी यंत्रे २०२२ संपेपर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. मुदत टळून गेली. माझ्या ओळखीच्या घरांतून जुनी यंत्रे अजून लुकलुकत आहेत. ज्यांना नवा पत्ता मिळाला, त्यांच्या कुलूपबंद राऊटरचा फायरवॉल बाहेरची वाट बंदच ठेवतो, आणि तो फायरवॉल बदलण्याचे पान त्याच पासवर्डाच्या मागे आहे. मुदत पाळली गेली की नाही, हे आपल्या खात्याने कधी तपासले? तपासले असेल तर कोणत्या कंपनीचे किती ग्राहक राहिले, तो तक्ता आम्हाला दाखवा.

आता संचार साथी. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या खात्याने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला की हे अॅप नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या, नव्वद दिवसांत, आणि त्याची कामे बंद किंवा मर्यादित करता येणार नाहीत याची काळजी घ्या. गदारोळ झाला तेव्हा आपण म्हणालात, नको असेल तर काढून टाका. ३ डिसेंबरला आदेश मागे घेतला गेला. मागे घेतलात, त्याबद्दल आभार मानते. पण त्या दिवसांत आम्ही एकाच वेळी दोन वाक्ये वाचत होतो, एक आदेशातले आणि एक आपल्या तोंडचे, आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. आदेश कुणाच्या सल्ल्याने निघाला? लोकांचे म्हणणे आधी मागवावे असे कुणालाच का सुचले नाही? चोरीचे फोन आणि खोटी सिमकार्डे यांवर उपाय हवा, यात मला शंका नाही. माझ्या शेजारणीचा फोन बाजारात चोरीला गेला तेव्हा तिने संचार साथीचेच पोर्टल वापरले. पण देशातल्या प्रत्येक फोनवर बसवायचे म्हणून ज्या अॅपचा आपण आग्रह धरलात, त्याचा सोर्स कोड जनतेसमोर का नाही?

हे मागणे जगावेगळे नाही. आपल्याच सरकारने ते एकदा मान्य केले आहे. कोविडकाळातल्या आरोग्य सेतूवर टीका झाली तेव्हा २६ मे २०२० रोजी त्या अॅपचा कोड खुला केला गेला. त्याच्याही आधी, मार्च २०१५ मध्ये, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान खात्याने सरकारी कामांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते वगळून दुसरे द्यायचे असेल तर पुरवठादाराने त्याचे कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. सरकारी सॉफ्टवेअरचा कोड एकमेकांत वाटता यावा म्हणून २०१७ मध्ये ओपनफोर्ज नावाचे ठिकाणही काढले गेले. धोरण चांगले होते, मी आजही त्याची बाजू घेते. मग ते गेले कुठे? केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहो कंपनीच्या सेवेवर गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्र्यांनीही आपला पत्ता तिकडे नेल्याचे जाहीर केले. झोहो भारतीय आहे, कर्तबगार आहे, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण त्या सॉफ्टवेअरचा कोड बंद आहे. परदेशी बंद कोडाच्या जागी स्वदेशी बंद कोड आणला तर पैसा देशात राहतो, हे मान्य. पण उद्या दुसऱ्याकडे जायचे ठरले, तर सरकारला मोकळेपणाने जाता येईल का, आणि नागरिकाला आत डोकावता येईल का? २०१५ च्या धोरणातले ते "कारण" या वेळी कुणी दिले, कुणी वाचले? केरळने शाळांतले संगणक कित्येक वर्षे लिनक्सवर चालवून दाखवले. तिथे कुणी मागास राहिले नाही.

एक गोष्ट जाता जाता. मराठी आणि हिंदी अक्षरे आज प्रत्येक पडद्यावर नीट दिसतात, त्यात पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी सांभाळलेल्या लोहित टंकाचा आणि मुंबईच्या एक टाइप या गटाच्या मुक्ता टंकाचा वाटा आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे. आपली भाषा संगणकावर रुळली त्यात अशा उघड्या कामाचा मोठा हात आहे, आणि सरकारी खात्यांनीही ते निःसंकोच वापरले आहे. घेताना उघडे चालते आणि देताना बंद, असे का?

आणि आता आमच्या छत्तीसगडची कहाणी, जी सांगताना माझा संयम सुटू नये असा प्रयत्न करते. गावोगाव फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तेव्हा सरकार काँग्रेस आघाडीचे होते आणि काम दोन वर्षांत व्हायचे होते. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधानांनी भिलाईत येऊन राज्यातल्या दुसऱ्या टप्प्याचा आरंभ केला. काम राज्याच्या चिप्स या संस्थेकडे आले, ५,९८७ ग्रामपंचायती ठरल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात २०२२ पर्यंत देशातल्या निम्म्या घरांत तारेचे ब्रॉडबँड, आणि प्रत्येक पंचायतीला २०२० पर्यंत १ गिगाबिट, २०२२ पर्यंत १० गिगाबिट असे लिहिले गेले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून सांगितले गेले की हजार दिवसांत सहा लाखांवर गावे फायबरने जोडू. हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. तारेच्या ब्रॉडबँडचे ग्राहक आज देशात चार-साडेचार कोटींच्या घरात आहेत, आणि कुटुंबे तीस कोटींच्या आसपास. निम्मी घरे कुठे गेली, मंत्रिमहोदय?

आपले खाते म्हणते, दोन लाख चौदा हजारांहून अधिक पंचायती सेवेसाठी सज्ज झाल्या. हा सज्ज शब्द फार सोयीचा आहे. रायपूरपासून फार लांब नसलेल्या एका पंचायत भवनात कामानिमित्त गेले होते. कोपऱ्यात लोखंडी कपाट, त्यात भारतनेटचे यंत्र, वर धुळीचा थर, बॅटरीच्या जागी नुसत्या तारा. सचिव जन्म-दाखल्याची नोंद आपल्या मोबाईलच्या डेटावर करीत होते. मी विचारले तर शांतपणे म्हणाले, "ये डब्बा ह नइ चलय, मैडम." कागदावर ती पंचायत सज्जच असणार. हा सगळा खर्च भागतो तो डिजिटल भारत निधीतून, आणि तो निधी उभा राहतो दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या ५ टक्के आकारणीतून, म्हणजे शेवटी माझ्या आणि त्या सचिवाच्या मोबाईलच्या बिलातून. ज्याचे पैसे घेतले, त्याच्याच टेबलाशी ते यंत्र बंद पडले आहे.

राज्यातल्या सरकारांनाही मी सोडत नाही. २०१८ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, संचार क्रांती योजनेतून पन्नास लाखांच्या घरात स्मार्टफोन वाटण्याचा बेत झाला. डिसेंबरात सरकार बदलले आणि योजना थांबली. हातात आलेले फोन किती दिवस चालले, त्यांच्या सॉफ्टवेअरची काळजी नंतर कुणी घेतली, हे ना जुन्या सरकारने सांगितले ना नव्याने विचारले. आता नव्या रायपुरात एआय डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजन मे २०२५ मध्ये झाले. उद्योग यावा, मुलांना काम मिळावे, मलाही ते हवेच आहे. पण त्या पार्कमधल्या यंत्रांना कधीही न तुटणारी जोडणी आणि तासाभरावरच्या पंचायतीत धूळ खाणारे खोके, हे दोन्ही एकाच राज्यात, एकाच खात्याच्या कारभारात चालू आहे.

मला भाषण नको, अॅप नको, जाहिरातीत फोटो नको. प्रमाणित राऊटर स्वतःचा वापरण्याचा हक्क नियमाने द्या, आणि कंपन्यांना ब्रिज मोड व जोडणीचे तपशील मागितल्यापासून ठरावीक दिवसांत देणे बंधनकारक करा. २०२१ च्या आयपीव्ही६ मुदतीचे काय झाले ते कंपनीवार जाहीर करा. संचार साथीचा कोड उघडा, आणि यापुढे नागरिकाच्या फोनमध्ये काहीही घालण्याचा विचार करण्याआधी मसुदा लोकांसमोर ठेवा. छत्तीसगडातल्या कोणत्या पंचायतीत भारतनेट आज, या महिन्यात, प्रत्यक्ष चालू आहे आणि किती डेटा वाहतो, याची गाववार यादी उघड्या स्वरूपात प्रसिद्ध करा. गावातली मुले ती यादी आणि कपाटातले यंत्र शेजारी ठेवून तपासतील. यातल्या एकाही गोष्टीला नवे अंदाजपत्रक लागत नाही.

यांपैकी कोणती गोष्ट आपण कधीपर्यंत करणार आणि कोणती करणार नाही, करणार नसाल तर का, एवढे लेखी कळवावे. मराठीत, हिंदीत, कोणत्याही भाषेत चालेल. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
तात्यापारा, रायपूर येथील एक ग्राहक आणि मतदार